डावं पुढचं चाक

पंपावरच्या हवेच्या यंत्रानं तीन चाकांना जरा जरा हवा पाजली आणि लगेच शीळ घालून 'पुरे' म्हटलं. डाव्या पुढच्या चाकापाशी मात्र ते अडून बसलं. शैलजाबाई नार्वेकर नळी धरून उकिडव्या बसल्या होत्या. गुडघे कुरकुरायला लागले तरी शीळ वाजेना. नळीच कुठं फाटली असेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. शेवटी एकदाची ती वाजली. त्यांनी टोपण बसवलं आणि हात रुमालाला पुसले, कारण अंगावर ठेवणीतली साडी होती. सावंतवाडीला लेकीच्या घरी नातवाचं बारसं होतं, आणि दुपारच्या आत बाळंतविडा घेऊन पोचायचं होतं.

डाव्या सीटवर त्यांचे यजमान शामराव बसले होते. त्यांच्या मांडीवर बाळंतविड्याची पिशवी आणि चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव होता.

"झालं का हवापाणी?" ते म्हणाले. "दिवा लागलाय का? नाही. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर. यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतंय की."

"घाट उतरायचाय. लांब जायच्या आधी चाकं थंड असतानाच हवा बघायची, असं क्लासात सांगितलंय."

"क्लासात," शामराव म्हणाले. त्या एका शब्दातच त्यांचं सगळं मत येऊन गेलं.

शामराव नार्वेकरांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली होती. ऊस भरून ट्रॅक्टर यायचे, काट्यावर चढायचे, शामराव वजन घ्यायचे. रोज सकाळी पहिला ट्रॅक्टर यायच्या आधी ते काटा स्वतः झाडायचे, पुसायचे आणि शून्यावर आणायचे. शून्य खरं तर दिवस खरा, असं ते म्हणत, आणि त्यांच्या काट्यावर कुणा शेतकऱ्यानं कधी बोट ठेवलं नाही. माणूस सरळ होता. फक्त आपण सरळ आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि डोळ्यांत काचबिंदू उतरेपर्यंत दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही. मग बाजूचं दिसेनासं झालं आणि लायसन पुन्हा मिळालं नाही. गाडी विकायची, हे घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं. तोवर आजऱ्यात बिनचालकाच्या गाड्या चांगल्या रुळल्या होत्या. बोलावलं की दारात यायची, आत कोणी नाही, स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. गावात तिला सगळे भुताची गाडी म्हणत आणि बिनधास्त तिच्यात बसत. जावई म्हणाले, "मामा, आता स्वतःची गाडी ठेवतो कोण?"

आणि तेव्हा, सगळा संसार डाव्या सीटवर बसून झाल्यावर, शैलजाबाई म्हणाल्या, "मी शिकते."

लोक हसले. शैलजाबाईही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी क्लासात जाऊन नाव घालून आल्या. भुताच्या गाडीचं त्यांना वावडं नव्हतं. पण ती मळलेल्या रस्त्यानं सुटते ती मुक्कामाला जाऊन थांबते. वाटेत चित्री धरणाच्या भिंतीवर जरा वारं खावं, गडहिंग्लजला बहिणीच्या दारात न सांगता जाऊन उभं राहावं, ही कामं तिला सांगता येत नाहीत. आयुष्यभर जिथं गाडी थांबेल तिथं उतरलेल्या बाईला एकदा तरी आपल्याला हवं तिथं ती थांबवायची होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक आणखी हसले असते.

परीक्षेत त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. पण क्लासच्या गाडीवर सुतासारखा सरळ चालणारा त्यांचा हात घरच्या गाडीवर बसला की बिघडायचा. गाडी डावीकडं ओढायची. जरा ढील दिली की गटाराकडं.

"हात डावीकडं जातोय तुझा," शामराव म्हणायचे.

"गाडीच जाते तिकडं."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

 शैलजाबाई दोन्ही मुठींनी स्टिअरिंग आवळून धरायच्या, घरी आल्यावर खांद्याला बाम चोळायच्या, आणि आपला हातच वाकडा असेल, असं त्यांनी हळूहळू स्वतःला पटवून घेतलं होतं. शामरावांचा उजवा पाय तर सारखा पायपुसण्यावर ब्रेक दाबत असायचा. तिथं ब्रेक नव्हता, पण पायाला ते कोण सांगणार?

शेवटी बारशाचं निघालं तेव्हा शामरावांनी अट घातली होती. "आंबोलीचा घाट नीट उतरवलीस तर गाडी राहील. काही घोळ झाला तर परत आल्यावर विकायची. मग विषय काढायचा नाही." शैलजाबाईंनी मान डोलावली होती.

आजरा सुटलं, गवसे मागं पडलं, आणि शैलजाबाईंच्या लक्षात आलं की आज गाडी ओढत नाहीये. त्यांनी भीत भीत मुठी सैल केल्या. गाडी रस्त्याच्या मधोमध, शहाण्या बैलासारखी चालली होती. घाटाच्या काळजीनं हात आपोआप सुधारला की काय, असं वाटून त्या मनातल्या मनात इतक्या खूश झाल्या की कडेच्या काजूच्या बागाही त्यांना नव्यानं लावल्यासारख्या दिसल्या.

आंबोली जवळ आली आणि समोर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. पाठोपाठ गाडी शांतपणे बोलली, "डावं पुढचं चाक शिकवलेल्या स्थितीशी जुळत नाही. कृपया तपासून घ्या."

"घ्या," शामराव म्हणाले. "घातलीस हवा? चांगलं चाललेलं, त्यात हात घातलास."

इथं या दिव्याबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी चाकाच्या आत, हवेच्या तोंडाशी, एक छोटी डबी असायची. ती आतला दाब मोजायची आणि रेडिओवरून गाडीला आकडा कळवायची. पण डबीतली बॅटरी काही वर्षांनी मरायची, आणि पंक्चर काढताना टायर उचकटला की बऱ्याचदा डबीही मोडायची. म्हणून पुढं बहुतेक गाड्यांमधून ती गेली आणि तिच्या जागी ऐकणारी यंत्रणा आली. ती चाकाच्या आत जातच नाही. ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचे फेरे मोजणारं यंत्र गाडीत असतंच. ती त्याच्याकडून माहिती घेते. हवा कमी झाली की चाक किंचित बसतं, म्हणजे लहान होतं, आणि लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. शिवाय कमी हवेचं चाक रस्त्यावर वेगळं थरथरतं, सैल पडलेल्या डफासारखं बद्द वाजतं. ते थरथरणं ऐकून गाडी चारही चाकांची तुलना करते. कुठल्या सीटवर किती भार आहे, तेही तिला यातूनच उमगतं.

फक्त एक गोष्ट तिला कळत नाही. बरोबर म्हणजे किती, हे तिला माहीत नसतं. ते माणसानं सांगायचं. चाकांत योग्य हवा भरायची आणि रिसेटचं बटण दाबायचं. गाडी विचारते, 'आताची स्थिती योग्य मानू का?' आपण हो म्हटलं की पुढचे काही किलोमीटर ती चाकांचं चालणं ऐकते, मनात ठेवते, आणि त्यापेक्षा काही वेगळं झालं तरच दिवा लावते.

पूर्वी लोक तो दिवा लागला तरी तसेच दामटायचे. घाटात टायर फुटून गाड्या दरीत गेल्या, तेव्हा कुठं घाटांच्या तोंडाशी फाटकं आली. आता फाटक दुरूनच गाडीला विचारतं, आणि गाडी खोटं बोलत नाही. दिवा लागलेला असेल तर आडवा दांडा वर जात नाही.

नार्वेकरांच्या गाडीसमोर तो गेला नाही. मागं गाड्या तुंबायला लागल्या, तशी शैलजाबाईंनी गाडी कडेला घेतली. फाटकाच्या खोलीतून संपदा गावडे नावाची मुलगी हातात दाबमापक घेऊन आली. तिथली सगळी तपासणी तिच्याकडं होती. तिनं वाकून चारही चाकांचा दाब मोजला, मग डाव्या पुढच्याचा पुन्हा मोजला.

"काकी, हवा एकदम बरोबर आहे. चारही चाकांत सारखी."

"मग दिवा का लागला?"

"तेच बघायला हवं. रिसेट केलं तर दिवा जाईल, पण कारण कळल्याशिवाय मी कुणाला रिसेट करू देत नाही. खाली वळणं कशी आहेत ते तुम्हाला माहितीय. नाहीतर गाडी इथं ठेवा, बिनचालकाची बोलावते. तासाभरात सावंतवाडी."

"बोलव की," शामराव लगेच म्हणाले. ते गाडीतून उतरून पिशवी बाहेर काढायलाही लागले होते. "यंत्र म्हणतंय जुळत नाही, म्हणजे नाही जुळत. बारसं महत्त्वाचं. चल शैला."

शैलजाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना रडू येईल असं वाटत होतं आणि या मुलीसमोर रडायचं नव्हतं. भुताच्या गाडीत बसलं की संपलं. विषयसुद्धा काढता येणार नव्हता. त्या डाव्या चाकाकडं बघत राहिल्या. टायर चांगला टुमटुमीत फुगलेला दिसत होता. इतका फुगलेला तो आधी कधी होता?

"पोरी," त्या सावकाश म्हणाल्या, "दिवा हवा कमी झाली की लागतो ना?"

"शिकवलंय त्यापेक्षा वेगळं झालं की लागतो, काकी. कमी झाली तरी आणि जास्त झाली तरी."

"आणि शिकवतानाच हवा कमी असली तर?"

"तर कमीलाच बरोबर धरून बसेल ती. तिला आकडा कुठं कळतो?"

"आणि मग मी पंपावर बरोबर हवा भरली तर..."

"तर तिच्या मते तुम्ही बिघडवली," संपदा म्हणाली आणि हसली.

शैलजाबाई नवऱ्याकडं वळल्या. "अहो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डाव्या चाकाचं पंक्चर काढून आणलंत. पूजेच्या सकाळी दिवा लागलेला. आठवतंय?"

शामरावांना आठवत होतं. दसऱ्याची त्यांची गाडीची पूजा म्हणजे गल्लीचा कार्यक्रम असायचा. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, बोनेटला हळदकुंकू, आणि नारळ फोडून झाला की शामराव आत बसून किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचे आणि हवेचं रिसेट दाबायचे. कंपनीच्या पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नव्हतं. शामरावांनी ते काट्यावरून आणलं होतं. वर्षाची सुरुवात शून्यापासून. यंदा लायसन नव्हतं, तरी पूजा आणि बटण त्यांनी कुणाकडं सोपवलं नव्हतं.

"तुम्ही बटण दाबलंत आणि दिवा गेला," शैलजाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगितलंत, बघा, देवानं ऐकलं."

"मग गेला की नाही?"

"पंक्चरवाल्यानं हवा कमी घातली होती. तो दिवा खरा होता." त्यांनी चाकाकडं बोट दाखवलं. "अहो, काट्यावर ट्रॅक्टर उभा असताना तुम्ही काटा शून्य केलात."

शामरावांचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला. दुसऱ्या कुणी दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगितलं असतं तर ते तासभर वाद घालत बसले असते. पण काट्याची भाषा त्यांना शिकवायची गरज नव्हती. भरला ट्रॅक्टर काट्यावर आणि आकडा शून्य. म्हणजे पुढचं प्रत्येक वजन खोटं, आणि दोष देणार कुणाला, तर खरं वजन आणणाऱ्याला. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर त्यांनीच त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं.

"आणि हवा कमी असली," त्यांनी संपदाला विचारलं, आवाज एकदम खाली आला होता, "तर गाडी त्या बाजूला ओढते का?"

"ओढणारच की, काका."

शामरावांनी बायकोकडं बघितलं. मग रस्त्याकडं, मग पुन्हा बायकोकडं.

"म्हणजे तुझा हात सरळच होता."

"होय."

"मी रोज बोलत होतो तुला."

"होय," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, चांगलाच आला होता, पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. इतके आठवडे चोळलेला खांदा एकदम हलका झाला. हात वाकडा नव्हता. अंगण वाकडं होतं. ते वाकडं कुणी केलं हे आता फाटकावरच्या पोरीलाही कळलं होतं, त्यामुळं आणखी काही बोलायची गरज त्यांना वाटली नाही.

"कारण कळलं," संपदा म्हणाली. "आता रिसेट करू. गाडीच्या जबाबदार चालकाचा अंगठा लागेल." तिनं काखेतली नोंदींची बोलकी पाटी काढून बघितली आणि ती जरा घुटमळली. "इथं काकांचं नाव आहे. पण काका, तुमचं लायसन..."

"नाही माझं लायसन."

"मग नाव बदलावं लागेल. तुम्ही स्वतः सांगायचं, मालक म्हणून."

हे काम शामरावांनी किती दिवस 'करू सावकाश' म्हणून ठेवून दिलं होतं. आता पाटी त्यांच्यापुढं आली. पाटीनं विचारलं, "जबाबदार चालक कोण?"

मागच्या गाडीतलं पोर खिडकीतून बघत होतं. शामरावांनी घसा साफ केला.

"शैलजा शामराव नार्वेकर."

"आपण स्वतः वाहन चालवणार का?"

"नाही," शामराव म्हणाले. मग जणू पाटीला माणसाची ओळख करून द्यायची असावी तसं त्यांनी जोडलं, "मी डावीकडचा."

शैलजाबाईंनी अंगठा लावला आणि गाडीत बसून बटण दाबलं.

"आताची स्थिती योग्य मानू का?" गाडीनं विचारलं.

"मान," त्या म्हणाल्या.

संपदानं त्यांना चौकुळच्या फाट्यापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं, म्हणजे गाडीचं ऐकून होईल. धुक्यानं ओली झालेली सपाट वाट होती. दोघंही काही बोलले नाहीत, कारण गाडी ऐकतेय म्हटल्यावर उगीच आपल्यालाही गप्प बसावंसं वाटतं. परत आल्यावर दांडा मुकाट्यानं वर गेला. संपदानं हात हलवला.

घाट सुरू झाला. शैलजाबाईंनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, वळणाआधी हॉर्न, वळणात पाय हलका, क्लासात शिकवलं होतं अगदी तसं. डावीकडं दरी होती आणि गाडीला दरीचं काही आकर्षण उरलं नव्हतं. पहिली दोनतीन वळणं गेल्यावर त्यांनी चोरून खाली बघितलं. शामरावांचा उजवा पाय ब्रेक दाबत नव्हता. त्यांनी चपला काढून सीटवर चक्क मांडी घातली होती.

आणखी थोडं खाली उतरल्यावर बारीक आवाज यायला लागला. चाकाचं काही तरी झालं, असं वाटून शैलजाबाईंनी कान टवकारले. चाकाचं काही नव्हतं. पिशवीवर दोन्ही हात ठेवून शामराव घोरत होते. आंबोलीच्या घाटात, बायको गाडी चालवत असताना, हा माणूस झोपला होता. शैलजाबाईंना लग्नानंतर इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मिळालं नव्हतं. दाणोलीपर्यंत त्या एकट्याच हसत होत्या.

सावंतवाडीत पाळणा सजला होता, घुगऱ्यांचा वास अंगणापर्यंत येत होता. जावई पिशवी घ्यायला पुढं आले.

"मामा, भुताच्या गाडीनं आलात?"

"नाही," शामराव झोपेचे डोळे चोळत म्हणाले. "हिच्या गाडीनं."

शैलजाबाईंनी ते ऐकलं. कालपर्यंत ती 'माझी गाडी' होती. त्या आत गेल्या आणि नातवाला त्यांनी मांडीवर घेतलं. परतीच्या वाटेवर त्या चित्री धरणाच्या भिंतीपाशी न विचारता थांबल्या, आणि वारं पुरे होईपर्यंत उभ्या राहिल्या. शामराव शेजारी उभे राहून घुगऱ्या खात होते.

गाडी विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पुढच्या दसऱ्याला गल्ली नेहमीसारखी जमली. माळा झाल्या, लिंबं झाली, नारळ फुटला. आता शामराव आत बसून बटण दाबणार म्हणून लोक बघत राहिले. शामरावांनी खिशातून नवा कोरा दाबमापक काढला आणि शैलजाबाईंच्या हातात दिला.

"आधी मोज."

त्यांनी चारही चाकं मोजली. डाव्या पुढच्यापाशी शामरावही वाकले, चष्मा वर करून आकडा बघायला. सगळं बरोबर होतं. शैलजाबाई स्टिअरिंगपुढं बसल्या आणि त्यांनी बटणाकडं बोट नेलं.

"थांब," शामराव म्हणाले.

"आता काय? काटा रिकामा करूनच शून्य करायचा, तुम्हीच म्हणता. माझ्याशिवाय गाडीत कोणी नाही."

"काट्याचं वेगळं." गाडीला लागलेल्या माळांना हात लागणार नाही असं बघत शामराव पुढून वळसा घालून आले, डावं दार उघडून आत बसले आणि त्यांनी पट्टा लावला. "ती भारसुद्धा ध्यानात ठेवते म्हणे. उगीच मागनं तक्रार नको." त्यांनी सीटवर मांडी घातली.

"आता दाब," ते म्हणाले. "मी इथं बसलोय ते धरून."